शुक्रवारची थैली

चंद्रमौलीच्या मोपेडवर दोन थैल्या असत. एक कंपनीची, काळी, चेनवाली. तिच्यात दिवसभराची रोकड जायची आणि रात्री साडेआठच्या आत गोडाऊनच्या खिडकीत रिकामी व्हायची. दुसरी त्याची स्वतःची, जाड्याभरड्या कापडाची, तोंडाशी नाडी असलेली. तिच्यात सहा हजार रुपये आणि रुपया-रुपयाची मूठभर नाणी असायची. ही दुसरी थैली फक्त शुक्रवारी घराबाहेर पडायची.

शुक्रवारच का, हे कुंभकोणमच्या माणसाला सांगावं लागत नाही. शुक्रवारी तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लागला की घरातला पैसा बाहेर जात नाही. लक्ष्मी घरात येण्याची ती वेळ. त्या वेळी तिलाच उंबऱ्याबाहेर कसं घालवायचं? इतर दिवशी रुपयारुपयासाठी घासाघीस करणारी बाईसुद्धा शुक्रवारी संध्याकाळी हसून म्हणते, ‘नाळैक्कु वांग,’ म्हणजे उद्या या. यात फसवण्याचा हेतू नसतो. उद्या ती पैसे देते, वर ताकही देते.

कंपनीला मात्र शुक्रवार ठाऊक नव्हता. कंपनीचा नियम सरळ होता: पार्सल रोखीचं असेल तर पैसे मोजून घेतल्याखेरीज डबा हातातून सोडायचा नाही. पैसे नसतील तर ‘गिऱ्हाईक तयार नाही’ असं फोनवर नोंदवायचं आणि डबा परत आणायचा. परत आणलेल्या डब्याचे ड्रायव्हरला मिळणारे चौदा रुपये बुडाले, आणि असे डबे फार झाले की वरून बोलणी. तेव्हा बाकीची पोरं शुक्रवारी दुपारीच रोखीची पार्सलं उरकून टाकत, नाही जमलं तर सरळ परत आणत. चंद्रमौली तसं करीत नसे. तो डबा द्यायचा, स्वतःच्या थैलीतून तेवढे पैसे काढून काळ्या थैलीत टाकायचा, ‘रोख मिळाली’वर बोट ठेवायचा आणि शनिवारी सकाळी जाऊन आपले पैसे घेऊन यायचा. गोडाऊनचा मुरली त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, पण साहेब. त्याला हे माहीत होतं. एखाद्या दिवशी अंगाशी येईल म्हणून त्यानं दोनतीनदा बजावलं, आणि मग कानावर हात ठेवले. हिशेब दर रात्री रुपयाला रुपया जुळत असेल तर साहेबाला तरी आणखी काय पाहिजे?

चंद्रमौलीचं वय एकोणपन्नास. मेलकावेरीत दोन खोल्यांचं घर, मुलगी जननी कोइमतूरला नोकरीत, दर रविवारी फोन. घरात बोलायची ती मराठी. तंजावरच्या राजांबरोबर जे लोक इकडे आले त्यांच्यातलं हे घराणं, आणि ती भाषाही तेव्हाचीच राहिलेली. महाराष्ट्रातून देवदर्शनाला आलेली माणसं ती ऐकून हसतात, आणि मग कौतुक करतात. दोन्हीचा सारखाच कंटाळा येतो. चंद्रमौलीचा मोठा भाऊ सुंदरराव एका शाळेच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. तो सांगायचा की आपले पूर्वज घोड्यावरून सरकारी खलिते पोहोचवीत. खरंखोटं देव जाणे. खरं असेल तर घराण्याचा धंदा फिरून तिथंच आला म्हणायचा, फक्त घोड्याच्या जागी मोपेड आली.

हा धंदा चंद्रमौलीनं हौसेनं धरला नव्हता. आधी बावीस वर्षं तो मोठ्या रस्त्यावरच्या एका भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर होता. बायको भुवनेश्वरी गेली, आणि दुकानात येणारा प्रत्येक ओळखीचा माणूस कळशीचा भाव विचारायच्या आधी हळहळू लागला. चंद्रमौलीला त्या हळहळीचं काय करावं ते कळेना. त्याला स्वतःला काहीच होत नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. कॉफीत साखर घालायची राहिली तरी ती तशीच पिऊन व्हायची. समोरची माणसं डोळ्यांना पदर लावीत आणि तो त्यांची बिलं करी. शेवटी त्यानं दुकान सोडलं. पार्सलवाल्याला कुणी घरात बोलावत नाही. एका दारात अर्धा मिनिट. नाव, आकडा, पैसे, सुटे, संपलं. दिवसाला ऐंशी-नव्वद दारं आणि एकाही दारात त्याच्याविषयी प्रश्न नाही. हे काम त्याला मानवलं.

भुवनेश्वरी गेली ती दोन वर्षांपूर्वी, आडी महिन्यात. आडी हा देवीचा महिना, आणि त्यातला शुक्रवार म्हणजे शुक्रवारांचाही शुक्रवार. दुपारपासून तिच्या पोटात दुखत होतं. संध्याकाळी डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की तंजावरला न्या, ऑपरेशन लागेल, आज रात्री नेता आलं तर बरं, फार तर उद्या सकाळी, आणि तीसेक हजार हाताशी ठेवा. चंद्रमौलीकडे आठ होते. दादाकडे जाऊन येतो म्हणाला तेव्हा भुवनेश्वरीनंच त्याला अडवलं. शुक्रवार आहे, दिवे लागले असतील, आता मागू नका, असं ती म्हणाली. तरी तो गेला.

सुंदररावांच्या दारात रांगोळी होती आणि कोनाड्यात दिवा. दादानं सगळं ऐकून घेतलं. पैसे आहेत, पेटीत आहेत, असं तो म्हणाला. मग त्यानं मागं वळून दिव्याकडं पाहिलं.

“दिवा लाविला आहे रे, चंद्रू,” तो म्हणाला. “पहांटे सहास मीच घेऊन येतों.”

चंद्रमौलीनं मान हलवली. इंजेक्शन दिलंय, झोपलीय ती, असं उलट तोच म्हणाला. त्याच्याही घरात शुक्रवारी दिवा लागल्यावर कधी दमडी बाहेर गेली नव्हती. दादाच्या जागी तो असता तर त्यानंही हेच केलं असतं. पहाटे साडेचारला भुवनेश्वरी गेली. सहाच्या ठोक्याला सुंदरराव पिवळ्या पिशवीत तीस हजार घेऊन दारात उभा होता.

भावाभावांत भांडण झालं नाही. तेरावा झाला, आणि चंद्रमौलीचं दादाकडं जाणं आपोआप थांबलं. एका लग्नात भेट झाली तेव्हा दोघं कावेरीच्या पाण्याविषयी बोलले.

आता कुणालाही वाटेल की या माणसाला शुक्रवारची चीड असेल. उलट होतं. शुक्रवारावर गावातल्या साऱ्या भटजींची मिळून जेवढी श्रद्धा नसेल तेवढी या पार्सलवाल्याची होती. पदरचे पैसे घालून तो लोकांचा शुक्रवार सांभाळत होता. कारण शुक्रवार हा मोडता येत नाही असा नियम असेल, तर दादाचा दोष नव्हता, कुणाचाच नव्हता; आकाशातून वीज पडावी तसं झालं. आणि तो मोडता येत असेल, तर भुवनेश्वरी कशापायी गेली? हा प्रश्न त्याला नको होता. तेवढा एक प्रश्न सोडला तर बाकी सगळं बधिर असलं तरी चालत होतं.

श्रद्धेच्या या भिंतीला पहिला तडा स्वामीमलैला गेला. तिथं मूर्ती ओतणाऱ्या एका घरात दिव्यश्री नावाची नवी सून आली होती. एका शुक्रवारी संध्याकाळी चंद्रमौली तिचं पार्सल घेऊन गेला. ‘नाळैक्कु वांग’ ऐकायच्या तयारीनं त्यानं थैलीच्या नाडीला हातही घातला होता. तर ती फोन पुढं करून म्हणाली, तुमच्या फोनवरचा तो चौकोनी कोड दाखवा, मी इथूनच पाठवते. आज शुक्रवार, असं त्यानंच तिला सांगितलं. ती हसली. नोटा हातानं द्यायच्या नसतात, फोनवरून चालतं, हाताला हात लागत नाही, सासूबाईंनाही मान्य आहे, असं तिचं म्हणणं. लक्ष्मी उंबरा ओलांडत नाही, टॉवरवरून जाते. फोन टिंग वाजला. नऊशे रुपये जमा झाले, देवापुढचा दिवा जळतच होता.

त्या दिवशी पुलाच्या अलीकडं त्यानं मोपेड उभी केली. नऊ पार्सलं उरली होती. कानात नुसतं गुणगुणत होतं, बाकी काही नाही. दहा मिनिटांनी त्यानं मनाशी ठरवून टाकलं की ही आजकालच्या पोरींची शक्कल आहे. दादा जुना माणूस, पैसे पेटीत ठेवणारा. त्याला फोनवरून पैसे पाठवणं कुठलं ठाऊक असणार? एवढं ठरल्यावर मोपेड चालू झाली. तडा लिंपून झाला. पुढं फोन पुढं करणारी घरं वाढत गेली, पण लिंपलेलं निघालं नाही.

मग यंदाचा आडी आला, आणि आडीतला तिसरा शुक्रवार. गावातल्या गल्ल्या विघ्नेश नावाच्या दुसऱ्या पार्सलवाल्याकडं असत. तो तापानं पडला आणि मुरलीनं त्याची बावीस पार्सलं चंद्रमौलीच्या ढिगात टाकली. सकाळी सातला एकेक डबा स्कॅन करताना त्याच्या हातात एक चपटा डबा आला. नाव सुंदरराव. वस्तू गुडघ्यांचे पट्टे. वहिनीचे गुडघे पूर्वीपासूनच दुखरे. रोख, अकराशे एकोणपन्नास.

डबा परत पाठवणं काही अवघड नव्हतं. ‘दार बंद होतं’ असं नोंदवायचं. हे खोटं गोडाऊनमध्ये रोज दहा जण बोलतात आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही. चंद्रमौलीनं तो डबा पोत्याच्या तळाशी घातला. दुपारी इन्नंबूरला पोतं उपसताना तो वर आला, तो पुन्हा खाली सारला. विघ्नेशच्या गल्ल्यांतली बाकीची एकवीस पार्सलं दुपारी चारच्या आत देऊन झाली. दादाचं दार तेव्हा पाच घरांवर होतं. दिवसाउजेडी जाऊन पैसे घेता आले असते. तो गेला नाही. दिवा लागायची वाट पाहत राहिला.

त्याला दादाच्या तोंडून ‘उद्या ये’ ऐकायचं होतं. दिवसभर मनात दुसरं काही नव्हतं. दादानं अकराशे रुपयांनाही शुक्रवारी ‘उद्या’ म्हणावं, म्हणजे तीस हजारांचं ‘उद्या’ तसंच, त्याच जातीचं, म्हणता आलं असतं. पुढची वर्षं त्यावर निघाली असती.

पावणेसातला तो पोहोचला. दारात रांगोळी होती. कोनाड्यात दिवा होता. त्यानं तमिळमध्ये हाक दिली, कूरियर आलंय. सुंदरराव बाहेर आला. दोन वर्षांत केस सगळे पांढरे झालेले, अंगात तोच पुढं खिसा असलेला शर्ट. हेल्मेटमुळं आधी ओळख पटली नाही. मग आवाजावरून पटली आणि म्हातारा गडबडला. आत ये, कॉफी घे, वहिनीस बोलावतो, असं काहीबाही तो बोलू लागला. चंद्रमौलीनं सांगितलं की कामावर आहे, गाडी चालूच आहे. डबा पुढं केला आणि आकडा सांगितला.

दादाच्या बोलण्याचा धागा तुटला होता. माणूस गडबडला की रोजचं, सवयीचं तेच करतो. त्यानं शर्टाच्या खिशातून फोन काढला.

“कोड दाखीव,” तो म्हणाला. “शुक्रवारीं हातानें देत नाहीं आम्ही. फोनानें चालतें. दूधवाल्यास चार वर्षें झालीं, असेंच देतों.”

चंद्रमौलीनं हिशेब केला. बावीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला तो करावा लागत नाही, तो आपोआप होतो. चारातून दोन गेले, उरले दोन, भुवनेश्वरी जायच्या आधीचे.

त्याच्या फोनवर कोड उघडलेला होता. त्यानं त्याच्यावर तळहात ठेवला.

“नको दादा,” तो म्हणाला. “आज शुक्रवार आहे. दिवा लाविला आहे. उद्यां घेतों.”

सुंदररावाचा हात फोन धरून तसाच वर राहिला. आतून वहिनी कोण आलंय म्हणून विचारत होती. म्हाताऱ्याच्या तोंडावर आधी नुसतं नवल होतं. मग त्यानं कोनाड्याकडं पाहिलं, हातातल्या फोनकडं पाहिलं, आणि ते नवल हळूहळू निघून गेलं. पुढचं पाहायला चंद्रमौली थांबला नाही. डबा त्यानं उंबऱ्याच्या आत ठेवला.

कोपऱ्यावर त्यानं आपल्या थैलीतून अकराशे एकोणपन्नास रुपये काढून काळ्या थैलीत टाकले आणि ‘रोख मिळाली’वर बोट ठेवलं. आता संताप येईल अशी त्याची कल्पना होती. तो वाट पाहत उभा राहिला. आला नाही. सहा पार्सलं उरली होती, ती त्यानं दिली. गोडाऊनमध्ये रोकड भरली, हिशेब जुळला. येताना गाड्यावर चार इडल्या खाल्ल्या आणि घरी येऊन झोपला. झोप लागली. हीच गोष्ट त्याला जरा भयंकर वाटली, पण तीही जरा.

पहाटे दार वाजलं. त्यानं घड्याळ पाहिलं तर सहा वाजले होते, आणि दार उघडायच्या आधीच कोण आलंय ते त्याला कळलं.

सुंदरराव चालत आला होता. चपलांवर धूळ होती. पिशवी वगैरे नव्हती. नोटा हातातच होत्या, रात्रभर धरून ठेवल्यासारख्या दमट झालेल्या. अकराशे पन्नास. चंद्रमौलीनं त्या घेतल्या आणि सवयीनं मोजल्या. आत या असं म्हणायला हवं होतं, ते राहून गेलं. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे होते, दोन वर्षांपूर्वीसारखेच, फक्त बाजू उलट्या.

“तेव्हांही फोन होता, चंद्रू,” सुंदरराव म्हणाला. “खिशांतच होता. त्या सांजेस दूधवाल्यास दिलेही.” मग त्यानं चपलांवरच्या धुळीकडं पाहिलं. “तूं आलास. भावास द्यावयाचें तें हातानेंच द्यावें, असें मनांत आलें. फोनानें परक्यास देतात. तुज फोनानें देतां येईल, हें सुचलेंच नाहीं रे. काल तूं हात ठेविलास, तेव्हां सुचलें.”

हे खरं होतं. चंद्रमौलीला दादाचं तोंड लहानपणापासून वाचता येत होतं. हे खरंच होतं. दादानं नाकारलं नव्हतं. दादानं दूधवाल्याहून त्याला जवळचं मानलं होतं, आणि त्यापायी भुवनेश्वरी गेली. चीड धरायला एवढीशीही जागा राहिली नाही. ती जागा असती तर बरं झालं असतं. कारण ती नाहीशी झाल्यावर तिच्यामागं काय होतं ते आता उघडंच पडलं.

“मजजवळही होता,” चंद्रमौली म्हणाला.

सुंदररावानं वर पाहिलं.

“फोन. मजजवळही होता दादा. त्याच दिवशीं सकाळीं चहाचे पैसे त्यानेंच दिले होते. फोनानें पाठीव, एवढें म्हणावयाचें होतें. मींही म्हटलें नाहीं.”

आता रडू येईल, असं त्याला वाटलं. त्याला आलं नाही. दादाला मात्र आलं. बासष्ट वर्षांचा माणूस भावाच्या दारात तोंड झाकूनही न घेता रडत होता, आणि समोरच्या घरातली बाई सडा टाकता टाकता थांबून बघत होती. चंद्रमौलीला काय करावं ते सुचेना. एक रुपया परत द्यायचा राहिला होता, तेवढं त्याला सुचलं. खुंटीवरच्या थैलीत हात घालून त्यानं नाणं काढलं, दादाचा हात पुढं ओढला आणि तळव्यावर ते ठेवलं. ठेवून झाल्यावर त्यानं आपला हात काढून घेतला नाही.

त्या दिवशी गोडाऊनला तो एक तास उशिरा गेला. मुरलीनं कारण विचारलं तेव्हा गिऱ्हाईक घरी आलं होतं, असं त्यानं सांगितलं.